झोपलेल्या पोरीला उठवणार नाही

४ तारीख, सोमवार

ताई,

हे माफीचं पत्र नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तू शेवटच्या ओळीपर्यंत माफी शोधत बसणार नाहीस.

तू माझा नंबर ब्लॉक केलायस. ठीक आहे. म्हणून कागदावर लिहितोय आणि दाजी जेवणाच्या सुट्टीत पानांचे फोटो काढून तुला पाठवणार आहेत. नवऱ्याला काही तू ब्लॉक करणार नाहीस. अक्षर लागलं नाही तर बोटांनी मोठं करून वाच. (दाजी, फोटो काढता काढता तुम्ही हे वाचणार, मला माहीत आहे. वाचा खुशाल. तुमच्याबद्दलही येणार आहे.)

शुक्रवारी काय झालं ते दाजींनी त्यांच्या पद्धतीनं सांगितलं असेलच. म्हणजे तू रागावलीस तर "हो ना", मी रागावलो तर "हो ना". लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, वर म्हटलं की वर, खाली म्हटलं की खाली. आता माझ्याकडून ऐक.

तुझी तिकडची ड्यूटी सुटते तेव्हा इकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. त्याला तू काही करू शकत नाहीस, मान्य. नेहमीसारखा फोन वाजला. तुझी ढब्बू झोपली होती. नुसती आडवी नव्हती, गाढ झोपली होती, तोंड उघडं, एक पाय पलंगाच्या बाहेर. किती महिन्यांत पहिल्यांदा ती शांत होऊन झोपली होती, ते पुढच्या पत्रात सांगतो, कारण ते सांगायला जरा धीर लागेल. दाजी म्हणाले, "पाच मिनिटं उठवू या. तिची आई वाट बघतेय." आणि उचललीसुद्धा. तिची मान मागे लटकली, डोळे अर्धे उघडले, ओठ वाकडे व्हायला लागले. मी तिला त्यांच्या हातातून काढून घेतली, परत पलंगावर ठेवली आणि वाजत असलेला फोन बंद केला. पूर्ण बंद. रात्रभर स्वतःच्या उशीखाली ठेवला, कारण दाजी हळूच चालू करतील अशी शंका होती. (खोटं आहे का, दाजी?)

हे मी केलं, दाजींनी नाही. वाईट वाटलं का? वाटलं. परत करेन का? शनिवारी केलं. काल केलं. आजही करणार आहे.

तुझा मेसेज दाजींनी मला दाखवला. म्हणजे दाखवला नाही, टेबलावर उघडा ठेवून आंघोळीला गेले. दाखवायची त्यांची तीच रीत. "त्याला म्हणावं, येत्या रविवारपर्यंत बाहेर पड. माझ्या मुलीला माझ्यापासून तोडायला ठेवलं नव्हतं त्याला. त्या अर्ध्या तासावर मी इथे दिवस काढते. त्याला काय कळणार, त्याची कुठे कुणी वाट बघत नाही."

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. चांगलं बसलं. तुझा नेम लहानपणापासून चांगला आहे, एकदा ज्या जिन्यावरून तू माझ्या कपाळावर चप्पल मारली होतीस, तो आठवतो? असो.

मी किती जागा सोडल्या ते तू बोटांवर मोजून दाखवतेस नेहमी. पाट्या रंगवायचं काम, गॅरेज, ट्रकवरचा क्लीनर, मग आनंदमेळ्यातला मोठा पाळणा. भिंगरी म्हणतेस मला. खरंच आहे, मला एका जागी खाज सुटते. पण त्यातल्या एकाही जागेवरून मला कुणी जा म्हटलं नव्हतं, मीच निघालो. इथून पहिल्यांदा कुणीतरी जा म्हणतंय आणि पहिल्यांदाच मला जायचं नाहीये.

भिंगरी


६ तारीख, बुधवार

ताई,

दाजींनी पत्र पाठवलं, तू वाचलंस, आणि तुझं उत्तर आलं: "मुलं हट्ट करतातच. ती माझ्याशी किती हसून बोलायची. तू आलास आणि सगळं बिघडलं."

हसून बोलायची. बरोबर. तुला हसणंच दिसायचं, कारण आम्ही तेवढंच दाखवायचो.

आता जे लिहितो ते दाजींना आवडणार नाही. तुला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. ठरलं म्हणजे काय, कधी बोललोही नाही, दोघांनीही आपोआप तोंड मिटलं. तू इतक्या लांब परदेशात, दिवसभर दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांचं उठवणं-बसवणं करणार, संध्याकाळी तुला रडणारी पोर कशाला दाखवायची? म्हणून तू "बाय बाय पिल्लू" म्हणालीस की दाजी झटकन लाल बटण दाबायचे. त्यानंतर काय व्हायचं ते ऐक.

आधी ती फोन उलटा करून मागे बघायची. तू मागे आहेस का म्हणून. मग काहीही निमित्त पुरायचं. एक पायमोजा दुसऱ्यापेक्षा वर आहे. पाणी निळ्या पेल्यात आहे. पाणी निळ्या पेल्यात नाही. एकदा केळं सोलताना मोडलं. मोडलं म्हणजे दोन तुकडे झाले, चव तीच ना? नाही. ते जोडून पाहिजे. "जोऽऽड! मामा, जोऽऽड!" मी दुसरं केळं आणलं तर ते भिंतीवर. मग मी खरोखर सुई-दोरा आणून केळं शिवायला बसलो, ताई. माणूस काय काय करतो. दोरा ओढला आणि केळ्याचा लगदा झाला. त्यावर ती जमिनीवर अशी पडली, जणू कुणी तिचं घर पाडलं. डोकं फरशीवर आपटायला लागली. दाजी उचलायला गेले तर त्यांच्या मनगटाला चावली. तो वळ बघून तू विचारलं होतंस, तेव्हा "लिफ्टच्या दारात अडकला" म्हणून सांगितलं ना त्यांनी? दातांचं दार होतं ते.

तासभर चालायचं हे. कधी जास्त. दाजी शेवटी गॅलरीत जाऊन पान्हे पुसत बसायचे. स्वच्छ पान्हे पुन्हा पुसायचे. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू छताला काठी ठोकायच्या. आणि ती रडून रडून उलटी करून कुठेतरी दाराजवळ झोपून जायची. सकाळी उठायची ती चिडचिडीच. रोज, ताई. तू तिकडे फोन छातीशी धरून झोपत असशील, "आज किती हसली माझी बाय" म्हणत, आणि इकडे हे.

आणि ती हसायची कशी, तेही सांगतो. ते माझं काम होतं. मी इथे राहायला आलो तेव्हा तूच सांगितलंस, "तू करमणूक करण्यात पटाईत आहेस, माझा फोन येईपर्यंत तिला जागी ठेव." ठेवली. पाळणाघरात ती दुपारी झोपत नाही. तिथल्या बाई म्हणतात, "मोठी मुलं खेळत असतात ना, डोळे मिटले तर आपलं काहीतरी बुडेल असं वाटतं हिला." म्हणजे सकाळपासून टक्क जागी. संध्याकाळी सहाला तिला घेऊन यायचं आणि साडेआठपर्यंत माझी सर्कस. घोडा झालो, पातेली बडवली, चादरीवर बसवून घरभर ओढली, सिंह होऊन डरकाळ्या फोडल्या. ती किंचाळून हसायची. गाल लाल, डोळे चमकते. फोनवर तू म्हणायचीस, "अगंबाई, या वेळीसुद्धा किती ताजी आहे!"

ती ताजी नव्हती. हे मला तेव्हा कळायला हवं होतं, कारण मी पाळण्यावर वर्ष काढलंय. मेळ्यात दिवसाच्या शेवटच्या फेरीला जी पोरं यायची ना, ती सगळ्यात जास्त उड्या मारायची. आईबाप म्हणायचे, "अजून दमली नाहीत बघा, अजून एक फेरी द्या." आणि खाली उतरलं की एकेकाचा स्फोट. कुणाला फुगा लाल पाहिजे, कुणाला चप्पल नको. बाप ओरडतोय, "एवढं फिरवलं तरी रडतोस!" आम्ही पाळणेवाले हसायचो. मोठी माणसं दमली की मंद होतात. पोरं दमली की पेटतात. मी ते रोज बघितलं होतं आणि घरी येऊन रोज तेच केलं.

मग गेल्या गुरुवारी माझा घसा बसला. त्या डरकाळ्यांनी. शुक्रवारी तर शब्दच फुटेना. सर्कस बंद. घरी आणल्यावर ती म्हणाली, "मामा, सिंह." मी हातानं नाही म्हटलं. ती पडली जमिनीवर, नेहमीसारखी. आणि मला समजवायला आवाज नव्हता, "हे बघ काय आलं" म्हणायला आवाज नव्हता, "का रडतेस" विचारायला नव्हता. दाजी यायचे होते. मी मोठा दिवा बंद केला, कारण माझंही डोकं ठणकत होतं, आणि तिच्याजवळ भिंतीला टेकून फरशीवर बसलो. डोक्याखाली उशी सरकवली, बस. ती रडली. मी बसलो. ती माझ्याकडे बघून आणखी रडली. मी बसलोच. मग मधेच आवाज उतरला, जसा पाळण्याची मोटर बंद केल्यावर वेग उतरतो, एकदम नाही, फेरी फेरीनं. मग ती सरपटत आली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मी पाठीवर हात ठेवला. थोपटलंही नाही. ती झोपली. सव्वासात वाजले होते, ताई. बाहेर अजून पोरं सायकली फिरवत होती.

त्यानंतर दाजी आले आणि त्यानंतर तुझा फोन आला. पुढचं तुला माहीत आहे.

तेव्हापासून रोज तसंच करतो. पाळणाघरातून थेट घर. रस्त्यात दुकान नाही, घसरगुंडी नाही. कोमट पाण्याची आंघोळ, दूध-पाव, एक दिवा. पाच दिवसांत दोनदाच रडली झोपताना, आणि तेही साधं रडणं, जगबुडीचं नाही. सकाळी आपण होऊन उठते आणि पडल्या पडल्या बोलत असते.

म्हण आता, मी बिघडवलं.

भिंगरी


८ तारीख, शुक्रवार

ताई,

दोन दिवस तू काहीच बोलली नाहीस. दाजी सारखे फोन बघतायत. मग आज एक ओळ आली: "तुला पोर होईल तेव्हा शिकव मला. रविवारी निघायचं."

ठीक आहे. मला पोर नाही. आणि माझं जमतंच असंही नाही, ते मीच तुला सांगतो, दुसऱ्याकडून कळायच्या आत.

काल मी पाळणाघरात उशिरा पोचलो. कारण विचारशीलच. रस्त्यात एक जण जुनी मोटरसायकल उघडून बसला होता, कार्बुरेटर हातात, आणि त्याला ते उलटं बसवताना बघून मला राहवलं नाही. सांगायला थांबलो ते त्याच्याबरोबर हात काळे करूनच उठलो. पाळणाघराच्या बाई कुलूप हातात घेऊन उभ्या. म्हणाल्या, "अहो मामा, मला पण घर आहे." ढब्बू एकटीच दारात, पाठीला पिशवी, डोळे तारवटलेले. तेव्हाच कळलं, आज काही खरं नाही.

आपल्या जिन्यात दिव्याचं बटण ती दाबते. माझे हात काळे, ती खांद्यावर, विसरलो आणि कोपरानं मीच दाबलं. झालं. "मी! मी! मीऽऽ!" मी दिवा विझवला, म्हटलं दाब आता. चालत नाही. आधी लागलेला दिवा तिच्या लेखी कायमचा लागलेला. पायरीवर आडवी. लाथा. पिशवी खाली गडगडत गेली.

शिंपीणकाकूंचं दार उघडलं. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. टाचण्या काढून म्हणाल्या, "काय रे, पोरीला पळवून आणलीस की काय? रोजचं आहे तुमच्याकडे."

"पाच दिवस नव्हतं, काकू."

"म्हणजे मोजतोस तू." मग त्या आत जाऊन बिस्किट घेऊन आल्या, रिकामं रीळ घेऊन आल्या, घंटीसारखं काहीतरी घेऊन आल्या आणि सगळं तिच्या तोंडापुढे वाजवायला लागल्या. पोर आणखी चढली.

"काकू, काही देऊ नका."

"मला सांगू नकोस. चार वाढवलीत मी."

"मग त्यांच्यावर चालायचं का हे?"

काकूंनी घंटी खाली केली. "चालायचं कसलं. शेवटी एक ठेवून द्यायचे."

"मग?"

"मग ती पण रडायची आणि आत जाऊन मी पण." आणि ताई, त्या घंटी पदरात गुंडाळून वरच्या पायरीवर बसल्या. मी खालच्या. जिन्यातला दिवा आपोआप विझतो ना, तो विझला. कुणी लावला नाही. अंधारात तिघं. ढब्बू रडतेय, काकू मधूनच नाक ओढतायत, माझ्या हातांना ग्रीसचा वास. मला वाटलं हे काही संपत नाही. मला ओरडावंसं वाटलं, खरं सांगतो. एकदा "ए!" म्हणून तोंडातून निघालंसुद्धा आणि काकूंनी माझ्या पाठीत बोट खुपसलं.

मग अंधारातून आवाज आला. "मामा. बटण."

मी उठलो. नुसती उचलून धरली. तिनं दाबलं. तीन मजल्यांचा दिवा लागला आणि ती माझ्या खांद्यावर अशी पडली, जशी दिवसभर तेवढ्यासाठीच उभी होती. काकू म्हणाल्या, "बटणासाठी एवढं?" मी म्हटलं, "बटणासाठी नाही, काकू. झोपेसाठी." त्या म्हणाल्या, "मग तसं सांगावं ना तिनं," आणि दार लावून घेतलं.

सांगता आलं असतं तर रडली असती का? तुला-मला तरी सांगता येतं का? तू दाजींना रोज काय सांगतेस, मी दमलेय असं? तू सांगतेस, भिंगरीला बाहेर काढ.

आता तुझ्याच कामाची गोष्ट तुला सांगतो, कारण तूच ती मला मोठ्या ऐटीत सांगितली होतीस. तुमच्या वृद्धनिवासातले म्हातारे संध्याकाळ झाली की बिथरतात. घरी जायचं म्हणतात, ताट उलटं करतात, तो माजी मास्तर तर काठी उगारतो. म्हणून तुम्ही जेवण लवकर देता, टीव्ही बंद करता, दिवे मंद करता आणि एक जण नुसतं जवळ बसतं. आणि एकदा, तुझी रात्रपाळी होती तेव्हा, त्या मास्तरांचा मुलगा रात्री भेटायला आला. लांबून, विमानानं, सूट घालून. म्हणाला, पाच मिनिटं उठवा. तू दारात उभी राहून म्हणालीस, नाही उठवणार, सकाळी या. तो भांडला. तुझी तक्रार करेन म्हणाला. तू म्हणालीस, करा. हे सांगताना तुझा आवाज असा होता की मी चार मित्रांना सांगितलं, माझी ताई सूटवाल्याचंही ऐकत नाही.

तो सूटवाला पण कुणाच्या तरी आठवणीवर दिवस काढत असेल ना, ताई? त्याला तू परत पाठवलंस. मी तुझा फोन परत पाठवला तर मी नालायक?

हे घे, माझा प्रस्ताव. ढब्बू सकाळी साडेसहाला उठते. तेव्हा तिच्यासारखं माणूस नाही. सगळं सांगते, सगळं दाखवते, काहीही मोडलं तरी हसते. तेव्हा कर फोन. माहीत आहे, तुझ्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असते आणि तुला पहाटे ड्यूटीवर जायचं असतं. झोप मोडेल. मोडेलच. कुणाची तरी मोडणारच आहे, तर तुझी मोडू दे. तू मोठी आहेस. तुझं केळं मोडलं तर तू जमिनीवर पडत नाहीस.

रात्रीचा फोन मी उचलणार नाही. रविवारी मी जाणार नाही. दाजींनी काढलं तर जिन्यात झोपेन आणि सकाळी तिला पाळणाघरात सोडायला येईन. काकू म्हणाल्यात, जिना सगळ्यांचा आहे.

भिंगरी


१२ तारीख, मंगळवार

ताई,

रविवार आला आणि गेला. तुला सगळं क्रमानं सांगतो, आणि या वेळी निम्मं झाकणार नाही.

रविवारी संध्याकाळी मी माझी बॅग दाराजवळ ठेवली नाही. दाजी बॅगेकडे बघत नव्हते आणि माझ्याकडेही नाही. ढब्बू सातलाच आडवी झाली होती. साडेआठला तुझा फोन वाजला. मी उठलो. दाजी म्हणाले, "बस." मला वाटलं, झालं, आज मला काढणार. त्यांनी फोन हातात घेतला, वाजू दिला, वाजायचा थांबल्यावर बराच वेळ एका बोटानं काहीतरी टाइप करत बसले. मग मला दाखवला. या वेळी खरोखर समोर धरून दाखवला. "झोपली आहे. उठवणार नाही. मेहुणा इथेच राहील." पाठवून फोन टेबलावर ठेवला. म्हणाले, "आता ती माझ्याशी पण बोलणार नाही." मी म्हटलं, "हो ना." ते हसले. मग गॅलरीत जाऊन पान्हे पुसायला बसले.

सोमवारी तुझ्याकडून काही नाही. आम्ही दोघं दिवसभर एकमेकांना काही आलं का विचारत होतो. दाजी लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना फोन वरच्या माणसाकडे देऊन गेले, वाजला तर ओरड म्हणून.

आणि आज सकाळी वाजला.

मी उचलला. तुझा चेहरा, केस एका बाजूला, डोळे सुजलेले, मागे अंधार. तू म्हणालीस, "तुझ्याशी बोलायचं नाहीये मला. तिच्यासमोर धर." धरला. ती नुकतीच उठली होती, तिचेही केस एका बाजूला, त्याच बाजूला. तिनं तुला बघितलं आणि म्हणाली, "आई, तू झोपलीस?" आणि तू हसलीस. तेवढं तुला आठवत असेल. तिनं तुला गुडघ्याची खपली दाखवली तेही आठवत असेल कदाचित. तू म्हणालीस, "अगं, कुठे पडलीस माझी..." आणि पुढचा शब्द आलाच नाही. तुझे डोळे मिटले. फोन हातातून घसरला आणि आम्हाला तुझ्या खोलीचं छत दिसायला लागलं.

दाजी पुढे होऊन ओरडायला लागले, "अगं ए! झोपलीस काय? अगं, पोर बोलतेय!" मी म्हटलं, "दाजी. नाही." ते थांबले. ढब्बू म्हणाली, "आई उठ." मी म्हटलं, "आई दमलीय. आपण नको उठवू या." ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता पडते जमिनीवर. नाही पडली. म्हणाली, "आई झोपते," आणि फोन दुधाच्या भांड्याला टेकवून ठेवायला लावला.

मी फोन कापला नाही. तू उठलीस तेव्हा बंद दिसला असेल, तो तासाभरानं, आम्ही घराबाहेर पडताना. त्या तासात तुला जे दाखवलं ते तू बघितलं नाहीस, म्हणून लिहितो. कुणीतरी लिहायला पाहिजे.

तिनं तुला पाव दाखवला, मग पावाला पडलेलं भोक दाखवलं, मग भोकातून तुझ्याकडे बघितलं. दुधाची मिशी दाखवली. शिंपीणकाकूंनी दिलेलं हिरवं बटण, तुला द्यायचं आहे म्हणून फोनवर घासलं, गेलं नाही, तर म्हणाली, "नंतर." नवीन बुटाचा पट्टा स्वतः लावून दाखवला, उलट्या पायात. मोजून दाखवलं: एक, दोन, पाच. दाजींना फोनपुढे ओढून आणून म्हणाली, "हे बाबा," जशी तुमची ओळखच नाही. मग एक गोष्ट सांगितली. पूर्ण गोष्ट. "कुत्रा आला. कुत्रा गेला." सांगून झाल्यावर वाट बघितली, तू काही म्हणाली नाहीस, तर स्वतःच म्हणाली, "छान." मधे तुला थंडी वाजत असेल म्हणून तिनं फोनवर आपला पायमोजा घातला आणि पाच मिनिटं छतही दिसलं नाही. तू घोरत होतीस, ताई. हळू, पण घोरत होतीस. दाजी म्हणाले, "लग्न झाल्यापासून ऐकतोय, आज पहिल्यांदा बरं वाटतंय."

निघताना तिनं फोनला हात हलवला. मागे उलटा करून बघितलं नाही. रडली नाही. पाळणाघराच्या दारात बाईंना म्हणाली, "माझी आई झोपलीय."

आता माझं म्हणणं. शुक्रवारच्या पत्रात मी लिहिलं होतं, कुणाची तरी झोप मोडणारच तर तुझी मोडू दे. ते मागे घेतो. फक्त तेवढंच, बाकी काही नाही. दमलेल्या माणसाला उठवायचं नाही, तर मग ते तुलाही लागू. अशी रोज मध्यरात्री उठलीस तर आठवड्यात तूच त्या मास्तरांवर काठी उगारशील. तुझी सुटी शनिवारी आहे. पोटभर झोप. तुझ्याकडे उजाडलं की इकडे सकाळचे अकरा वाजतील, ती खाऊनपिऊन तयार असेल, तेव्हा कर, आणि हवं तितकं बोल. मधल्या दिवसांत मी लिहीन, दाजी फोटो पाठवतील. पायमोजा, बटण, कुत्रा, जे होईल ते सगळं. रडली तर तेही. आता निम्मं पाठवणार नाही.

रात्री साडेआठला लावलास तर मी उचलणार नाही. रागाव. ओरड. मी दुसरा नंबर घेतला तर तोही ब्लॉक कर. मी इथेच बसलोय.

आणि तुझ्या घरमालकाला सांग, तुझ्या छताच्या कोपऱ्यात, खिडकीच्या बाजूला, ओल आलीय. मोठी आहे. आम्ही तिघांनी तासभर बघितलीय.

भिंगरी